मनाचे दुखणे आणि गावाचा आधार

गावात कोणाला साप चावला तर काय करायचे, हे आज लहान पोरालाही ठाऊक आहे. बाळंतिणीला कळा सुरू झाल्या की आशाताईला निरोप जातो आणि १०८ ला फोन लागतो. बैल लंगडू लागला तरी गुरांचा डॉक्टर कोणत्या दिवशी कोठे भेटेल, हे चार जण सांगतात. पण घरातला कर्ता माणूस पानावरून न जेवता उठू लागला, रात्र रात्र आढ्याकडे बघत पडू लागला, "आता कशासाठी जगायचं" असे पुटपुटू लागला, तर निरोप कोणाला द्यायचा? येथे सारे गाव गप्प होते. कोणाला वाईट वाटत नाही असे नाही. वाटते. पण जायचे कोठे, हेच ठाऊक नसते.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक काकू राहत. पहिल्या बाळंतपणानंतर त्यांचे बोलणे कमी कमी होत गेले. चूल पेटवायच्या आणि जाळाकडे बघत तशाच बसून राहायच्या. तान्हे पोर रडत असे, तरी त्यांचे लक्ष नसे. आई म्हणायची, "तिचं मन उडालंय बघ." कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे बाहेरचं आहे. अंगारे-धुपारे झाले, देवर्षी येऊन गेला. शेवटी गावातले एक जाणते गृहस्थ म्हणाले, "फारच झालं तर ठाण्याला न्या." हा शब्द कानावर पडताच घरच्यांनी दार लावून घेतले, ते उघडलेच नाही. पुढच्या श्रावणात काकूंनी आपले आयुष्य आपल्या हाताने संपवले. दिवसकार्याला सारी आळी जमली होती. मात्र त्या असताना त्यांच्या ओट्यावर बसून "तुला काय होतंय गं?" एवढे विचारायला कोणी गेल्याचे मला आठवत नाही.

पुढे मी पुष्कळ वर्षे विचार करीत राहिलो की, त्या एका शब्दाची, ठाण्याची, एवढी धास्ती का असावी? मदतीचे नाव घेतल्यावर माणसे दार का लावून घेतात? त्याचे उत्तर इतिहासात आहे. तो इतिहास आज आपल्यापुढे थोडक्यात मांडतो. त्याचा उपयोग नुसत्या माहितीपुरता नाही; उद्या आपल्या आळीत अशीच वेळ आली, तर काय करावे हेही त्यातूनच कळेल.

इंग्रजी अमलात वेड्यांसाठी वेगळी घरे बांधण्याची पद्धत आपल्याकडे आली. १८५८ साली, कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले त्याच साली, वेड्यांच्या आश्रयगृहांचा कायदा झाला. मुंबईत कुलाब्याला असे घर होते. नागपूरला १८६४ मध्ये, रत्नागिरीला १८८६ मध्ये, पुण्याजवळ येरवड्याला १८८९ मध्ये आणि ठाण्याला १९०१ मध्ये अशी रुग्णालये झाली. ठाण्याच्या रुग्णालयाला नरोत्तमदास माधवदास यांचे नाव आहे. ही चारही रुग्णालये आजही चालू आहेत.

आता १९१२ चा कायदा पाहा. माणसाला आत घ्यायचे तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. रस्त्यात भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसाने धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, अशी त्यात तरतूद होती. स्वतःच्या इच्छेने येणाऱ्यासाठीही कायद्यात एक लहानशी वाट ठेवलेली होती. पण लोकांच्या डोळ्यांपुढे राहिला तो पोलीस, तो हुकूम आणि ती उंच भिंत. म्हणजे घरातले माणूस आजारी पडले की आधी कचेरी, मग चौकी आणि मग फाटक. ज्वर आलेल्या माणसाला कोणी कचेरीत नेत नाही. मग मनाच्या दुखण्याला गुन्ह्याचा वास लागला, तर नवल काय? १९२२ च्या सुमारास या घरांना 'मानसिक रुग्णालये' म्हणू लागले. पाटी बदलली. कायदा मात्र १९९३ पर्यंत तोच राहिला.

त्यातही जागा किती? १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्या वेळी साऱ्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या, म्हणजे साधारण चाळीस हजार माणसांमागे एक. खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने या मदतीची दोनच लक्षणे होती : ती दूर होती आणि ती भीतिदायक होती. आमच्या काकूंच्या घरचे दार कोणी लावले असे विचाराल, तर हात घरच्यांचाच होता. पण त्यामागे शंभर वर्षांची भीती होती.

ही भीती पहिल्यांदा मोडली ती एका तंबूने. गोष्ट पंजाबातील अमृतसरची आहे. १९५० नंतरच्या दशकात तेथील मानसिक रुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर नावाचे गृहस्थ होते. रुग्णालयात गर्दी इतकी, की आत घ्यायला जागा नाही आणि रुग्णाला परत पाठवायला मन होत नाही. तेव्हा डॉक्टरांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना सांगितले, "तुम्हीही येथेच राहा." आई, बाप, भाऊ, नवरा, जो कोणी आला असेल तो रुग्णाबरोबर तंबूत राहू लागला. डॉक्टर या मंडळींशी बसून बोलत, आजार म्हणजे काय ते समजावून सांगत, औषध कसे द्यायचे, बोलायचे कसे हे शिकवीत.

त्यातून दोन गोष्टी घडल्या. रुग्ण लवकर बरे होऊन घरी जाऊ लागले, ही पहिली. आणि दुसरी त्याहून मोठी. घरी परतलेले नातेवाईक गावात जाऊन सांगू लागले, "आम्ही तिथं राहून आलो. तिथं कोणी मारत नाही, बांधत नाही. औषध देतात, माणूस बरा होतो." शंभर भित्तिपत्रकांनी जे झाले नसते, ते या एका वाक्याने झाले. भिंतीच्या आत काय चालते हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेव्हाच भिंतीचे भय कमी झाले. घरची माणसे म्हणजे उपचारातली अडचण, ही समजूत गेली. घरची माणसे म्हणजे अर्धा उपचार, हे ध्यानात आले.

त्याच दशकात सातासमुद्रापार, लंडन शहरात, आणखी एक गोष्ट घडत होती. अमृतसरची गोष्ट दीर्घ आजाराची. लंडनची गोष्ट संकटाच्या एका रात्रीची. चॅड वारा नावाचे एक धर्मोपदेशक होते. उमेदवारीच्या काळात, १९३५ साली, त्यांना एका कोवळ्या मुलीच्या अंत्यविधीला उभे राहावे लागले होते. मुलीला मासिक पाळी सुरू झाली होती. आपल्याला काही भयंकर रोग झाला अशी तिची समजूत झाली. विचारायला कोणी नव्हते. तिने जीव दिला. एका प्रश्नाचे उत्तर कोणी दिले असते तर ती मुलगी वाचली असती, हे शल्य वारा यांच्या मनात राहिले. १९५३ च्या नोव्हेंबरात त्यांनी आपल्या चर्चमध्ये टेलिफोन ठेवला आणि जाहीर केले की, ज्याला जीव नकोसा झाला असेल त्याने येथे फोन करावा किंवा यावे.

लोक येऊ लागले. वारा एकटे; त्यामुळे बाहेर रांग लागे. थांबलेल्या लोकांना चहा देण्यासाठी, त्यांच्याशी चार शब्द बोलण्यासाठी शेजारपाजारची साधी माणसे मदतीला आली. थोड्याच दिवसांत वारा यांच्या लक्षात आले की, कितीतरी माणसे चहा पिऊन, मन मोकळे करून, त्यांना न भेटताच परत जात आहेत. त्यांना सल्ला नको होता. ऐकणारे माणूस हवे होते. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी टेलिफोन त्या साध्या माणसांच्या हाती सोपवला. 'समॅरिटन्स' या नावाने ओळखली जाणारी संस्था ती हीच. आपल्या देशातही पुढे याच रीतीची केंद्रे निघाली. चेन्नईचे 'स्नेहा' हे केंद्र १९८६ साली सुरू झाले. त्याच वर्षी पुण्यात व्यसनात सापडलेल्यांसाठी 'मुक्तांगण' निघाले; १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी 'आय.पी.एच.' ही संस्था उभी राहिली. ज्या ठाण्याच्या नावाने माणसे दचकत, त्याच ठाण्यात लोक आपल्या पायांनी, आपले प्रश्न घेऊन येऊ लागले, हे विसरता येणार नाही.

पण शहरातली केंद्रे शहराला. खेड्याचे काय? हा प्रश्न १९७५ साली दोन ठिकाणी हाती घेतला गेला. चंदीगडच्या डॉक्टरांनी हरियाणातील रायपूर राणी हा भाग निवडला. बंगळूरच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने जवळचे सकलवारा हे खेडे. या मंडळींनी असा विचार केला : देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, ते प्रत्येक गावी कधी पोचणार? पण प्राथमिक आरोग्य केंद्र तर पोचलेले आहे. हिवतापाची औषधे वाटणारा, लस टोचणारा आरोग्यसेवक दारोदार जातोच आहे. त्यालाच आणखी चार प्रश्न विचारायला शिकवले तर? घरात कोणी एकट्याशीच बोलतो का? कोणी कामधंदा सोडून गप्प बसून आहे का? कोणाला फिट येते का? जीव द्यायची भाषा कोणी करते का? अशा साध्या प्रश्नांवरून आजारी माणूस ओळखावा, केंद्रातल्या डॉक्टरने ठरावीक औषधे द्यावीत आणि अवघड वाटेल तेवढेच पुढे पाठवावे. हे जमते, असे दिसून आले.

त्या अनुभवावर १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम ठरला. आपल्या सोलापूरच्या खाली, कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात, १९८५ पासून पाच वर्षे हा प्रयोग साऱ्या जिल्ह्यात झाला : केंद्राकेंद्रांतल्या लोकांना शिक्षण, औषधांचा पुरवठा, जिल्ह्याच्या गावी एक तज्ज्ञांचे पथक आणि कामाची नियमित तपासणी. १९९६ मध्ये 'जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम' या नावाने हीच रीत देशभर न्यायला सुरुवात झाली. आज जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा विभाग आहे, तेथे केसपेपर काढून इतर रुग्णांसारखेच जाता येते, मॅजिस्ट्रेटचा कागद लागत नाही, याचे मूळ या प्रयत्नांत आहे.

आता कोणी म्हणेल, म्हणजे मदत जवळ आणली की काम झाले. तसेही नाही. जवळपणा आंधळा असला तर काय होते, हे २००१ साली साऱ्या देशाने पाहिले. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी हे गाव आहे. तेथील दर्ग्यावर श्रद्धेने दूरदूरचे लोक आपल्या आजारी माणसांना घेऊन येत. परिसरात खाजगी आश्रयगृहे उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशा एका आश्रयगृहाच्या गवती छपराला आग लागली. आतली माणसे साखळदंडाने बांधलेली होती. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस माणसे गेली.

मंडळी, ही साखळी नुसती एरवाडीला होती असे आपण समजू नये. आपल्याही मुलखात परसातल्या खांबाला, गोठ्यातल्या खुंट्याला माणूस बांधून ठेवल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत. बांधणारे सारेच दुष्ट नसतात. पुष्कळदा बांधणारा हात आईचा असतो. पोरगा रात्री कोठे निघून जाईल, कोणाला मारील, विहिरीत पडेल या भीतीने ती त्याला बांधते, कारण दुसरा उपाय तिला कोणी सांगितलेलाच नसतो. श्रद्धेने देवाला नमस्कार करायला कोणाचीच हरकत नाही. नमस्कारही करावा आणि डॉक्टरकडेही जावे. पण अंगारा देताना औषध बंद करायला लावणारा आणि साखळी घालणारा, हे दोघेही आजाऱ्याचे नुकसानच करतात. दूरची भिंत वाईट. तशी जवळची साखळीही वाईट. जवळपणाला शिक्षणाची जोड हवी. साऱ्या इतिहासातून मला तरी एवढेच सांगावेसे वाटते.

ही जोड घातली की काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. 'संगथ' नावाची संस्था तेथे १९९६ साली सुरू झाली. तिच्या मंडळींनी पाहिले की दवाखान्यात येणारी पुष्कळ माणसे अंगदुखी, थकवा, झोप न येणे अशा तक्रारी सांगतात. औषध घेऊन जातात, पुन्हा येतात. दुखणे अंगात दिसते, मूळ मनात असते. 'उदासीनतेचा विकार' असा शब्द ती वापरत नाहीत. "फार टेन्शन आहे" असे म्हणतात. तेव्हा दवाखान्यातच एक समुपदेशक बसवायचा असे ठरले. तो डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे. स्थानिक, शिकलेली, पण वैद्यकाशी संबंध नसलेली व्यक्ती. तिला सुमारे दोन महिन्यांचे शिक्षण दिले. तिने काय करायचे? आधी ऐकायचे. मग समजावायचे की तुला वेड लागलेले नाही, हे दुखणे पुष्कळांना होते आणि ते बरे होते. श्वासाचे साधे व्यायाम, झोपेच्या सवयी, घरातल्या बोलण्यातल्या गाठी कशा सोडवाव्यात, हे सांगायचे. गरज पडली तर औषध डॉक्टरने द्यायचे आणि त्याच्या वर मनोविकारतज्ज्ञाचे लक्ष असायचे.

'मानस' या नावाने ही योजना चोवीस दवाखान्यांत तपासून पाहिली आणि तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य केंद्रांत, समुपदेशक होता तेथे सहा महिन्यांनी शंभरातील सुमारे सहासष्ट रुग्ण बरे झालेले आढळले. समुपदेशक नव्हता तेथे सुमारे बेचाळीस. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदले आहे. पण गरीब माणूस ज्या पायरीवर येतो, त्या सरकारी केंद्राच्या पायरीवर शंभरात चोवीस माणसे अधिक बरी होतात, ही गोष्ट लहान नाही.

पुढे विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत, 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा मुलूख किती पोळला आहे, हे सांगायला नको. तेथे आधी पाहणी केली, तेव्हा उदासीनतेच्या विकाराने आजारी असलेल्या शंभर माणसांपैकी मदतीपर्यंत पोचत होती जेमतेम चार. बाकीची शहाण्णव माणसे ते दुखणे एकटीच सोसत होती. गावात बैठका झाल्या, गावातलीच माणसे शिकवून तयार केली, समुपदेशक येऊ लागला, डॉक्टर आले. दीड वर्षाने मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सत्तावीसवर गेले. अजून त्र्याहत्तर राहिलेच. पण चारांचे सत्तावीस झाले, ते गावातल्या माणसांनी दार ठोठावल्यामुळे. महाराष्ट्र शासनानेही २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन अशा माणसांची विचारपूस करावी अशी योजना होती.

कायदाही सावकाश का होईना, बदलला. पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न करणारा वाचला, तर तो दंडविधानाच्या ३०९ कलमाखाली गुन्हेगार ठरत असे. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला आपण आरोपी करीत होतो आणि घरचे लोक चौकशीच्या भयाने दवाखान्यात खरे सांगत नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सांगितले की, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावे. त्याला शिक्षा नव्हे, शुश्रूषा द्यावी. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. माणसाला साखळीने बांधून ठेवायलाही त्याने मनाई केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत तर ३०९ सारखे सरसकट कलमच नाही. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी किंवा एखादे काम करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. म्हणून कोणी असे वाचले, तर लपवू नका. डॉक्टरला खरे ते सांगा.

आता शेवटी प्रत्यक्ष उपयोगाचे. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' नावाची सेवा सुरू केली. तिचा नंबर १४४१६. हा फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. साध्या मोबाइलवरूनही लागतो. पलीकडे शिकवून तयार केलेला समुपदेशक असतो. गरज पडली तर तो पुढे डॉक्टरशी गाठ घालून देतो. ज्याचे दुखणे त्यानेच फोन करावा असे नाही, बायकोने, भावाने, गुरुजींनीही विचारावे, "आमच्या माणसाचं असं असं होतंय, काय करू?" जिवावरच बेतले असेल तर मात्र १०८ ची गाडी बोलवावी. गावातली पहिली पायरी आशाताई, दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिसरी जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग. एवढे चार धागे माहीत असले की पुरे.

विशेषतः शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. वर्गातली पोरे आई-बापांइतकीच तुमच्या डोळ्यांसमोर असतात. बडबड्या मुलगा अचानक गप्प झाला, हुशार मुलीचे अक्षर बिघडले, कोणी आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, वहीच्या मागच्या पानावर मरणाचे काही लिहिले, तर त्याला रागावू नका, वर्गात वाचूनही दाखवू नका. बाजूला घेऊन बसवा आणि सरळ विचारा, "बाळ, जीव नकोसा झालाय का तुला? मरावंसं वाटतं का?" पुष्कळांना वाटते की असे विचारले तर नसता विचार डोक्यात शिरेल. तसे होत नाही. उलट, कोणीतरी विचारले याने ओझे हलके होते. उत्तर "हो" आले तर त्याला एकटे सोडू नये, 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि त्याच दिवशी मदत मिळवावी.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक काळजी घ्यावी. फवारणीची औषधे माजघरात, खाटेखाली ठेवू नयेत. कुलपात ठेवावीत आणि घरात कोणी खचलेले असेल तर किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. शेजारच्या श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. जीव देण्याची ती लाट पुष्कळदा घटकाभराची असते. तेवढी घटका टळली, तेवढ्यात कोणी शेजारी येऊन बसले, तर माणूस वाचतो आणि पुढे पुष्कळ वर्षे जगतो.

आणि हे ध्यानात घ्या की, आपण बसून ऐकले म्हणजे कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही, भांडण मिटत नाही. कर्जासाठी बँकेत जावे लागेल, दाव्यासाठी कचेरीत जावे लागेल. पण तिथवर चालत जायचे बळ माणसात राहावे, एवढे काम ऐकणाऱ्याने होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे दर दोन-चार घरांमागे एकात हे दुखणे आहे. ते परके नाही. आपल्याच आळीत आहे.

आमच्या काकूंच्या ओट्यावर तेव्हा कोणी बसले नाही. आज त्यांना झालेल्या दुखण्याला बाळंतपणानंतरची उदासीनता म्हणतात, ते ओळखता येते आणि बहुतेकदा बरेही होते. काकू परत येणार नाहीत. पण उद्या सकाळी शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दूध डेअरीच्या दारावर १४४१६ हा आकडा कोणी खडूने लिहिला, तर त्याला फारसा वेळ लागणार नाही. आणि आपल्या आळीत बरेच दिवस बंद असलेले एखादे दार आपल्याला ठाऊक असेल, तर आज संध्याकाळी तेथे जाऊन थोडा वेळ बसावे. फार बोलायची गरज नाही. "चहा टाक, मी बसतो जरा," एवढ्याने सुरुवात होते.